अंड्यातून निघालेलं पिल्लू पायावर उभं राहत नाही, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की काल दुपारी शेवटचं पिल्लू निघालं, बाकीची सात आईमागे पळताहेत आणि हे एकटंच पोटावर पडून दोन्ही पाय दोन बाजूंना फाकवतंय. पाणी पाजू का, तेलाने मालिश करू का, असं विचारलंय. आत्ता दोन्ही नको. आधी ते नीट वाळलंय का आणि गरम आहे का ते बघा. हातात घ्या आणि त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावा. थंडगार लागले तर बाकीचं सगळं नंतर.

मी डॉक्टर नाही. मानकापूरकडे राहते, अंगणात दहा-बारा गावठी कोंबड्या आहेत आणि दर हिवाळ्यात एखादी खुडूक होऊन अंड्यांवर बसतेच. त्यामुळे असली पिल्लं हाताखालून गेली आहेत. काही वाचली, काही गेली.

नवीन पिल्लाला अंगाजवळ 35 अंशांच्या आसपास ऊब लागते. आपल्या नागपुरात सध्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतोय. धडधाकट पिल्लू आईच्या पंखाखाली घुसतं, हे मागे राहतं आणि गारठतं. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, एका कोपऱ्यावर साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब टांगा. एलईडी चालत नाही, त्याने उजेड पडतो, ऊब पडत नाही. (जुना बल्ब आता दोन-तीन दुकानं फिरल्याशिवाय मिळत नाही, बाप्पा.) बल्ब पुठ्ठ्याला किंवा कापडाला टेकू देऊ नका. लाइट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. चालतं पिल्लू गरम झालं की स्वतः बाजूला सरकतं, तुमच्या पिल्लाला सरकता येत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाने बघा. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर बल्ब वर घ्या. सारखं जोरात चिवचिवत असेल तर खाली. गप्प पडून झोपलं असेल तर उत्तम.

भुकेची घाई नको. अंड्यातून निघायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर त्याचे दोन-अडीच दिवस निघतात. हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून लांबलांब जातात ती याच जोरावर. पाणी मात्र आज संध्याकाळपासून दाखवा. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर साखर, बोटाच्या टोकावर एक थेंब, आणि तो चोचीच्या कडेला टेकवायचा. ते स्वतः चोच हलवून गिळेल. ड्रॉपरने घशात सोडलंत तर पाणी श्वासनळीत जातं आणि पिल्लू तिथेच जातं.

आता पाय. तुमचं वर्णन फाकलेल्या पायांचं आहे आणि याला बऱ्याचदा खालची जमीन कारण असते. मी स्वतः हा गाढवपणा केलाय. पहिल्यांदा वेगळी पिल्लं ठेवली तेव्हा स्वच्छता म्हणून खोक्यात वर्तमानपत्र अंथरलं. गुळगुळीत कागदावर पाय घसरत राहिले आणि दोन दिवसांत चांगल्या चालत्या दोन पिल्लांचे पाय फाकले. तेव्हापासून गोणपाट टाकते. ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळीही चालते. तुमच्या खोक्यात आत्ता काय आहे? फरशी किंवा कागद असेल तर हे वाचणं थांबवून आधी ते बदला.

मग पाय बांधायचे. साधी बॅन्ड-एड पट्टी घ्या, कात्रीने लांबीत उभी चिरून अर्धी करा. मधली कापसाची गादी दोन पायांच्या मध्ये येईल अशी धरा. एक टोक एका पायाच्या नळीभोवती गुंडाळून स्वतःलाच चिकटवा, तसंच दुसरं. नळी म्हणजे गुडघ्यासारखा दिसणारा सांधा आणि पंजा यांच्या मधला भाग. पाय अंगाखाली सरळ आले पाहिजेत, दोन्हींत साधारण इंचभर अंतर. एकाने पिल्लू धरावं, दुसऱ्याने बांधावं. एकटीने केलं तर पट्टी तुमच्याच बोटांना चिकटते. बांधल्यावर पंजा सुजला किंवा निळसर झाला तर लगेच सोडा, सैल करून पुन्हा बांधा.

पहिले काही तास ते तोंडावर पडेल, घाबरू नका. चहाच्या कपात मऊ फडकं घालून त्यात थोडा वेळ बसवा, पाय आपोआप अंगाखाली राहतात. दिवसातून पाच-सहा वेळा बोटांचा आधार देऊन गोणपाटावर उभं करा, मिनिटभर पुरे. हे पहिल्या दोन-तीन दिवसांत केलं तर हाडं कोवळी असल्याने पाय वळतात. आठवड्याने सुरू केलं तर फारसा उपयोग होत नाही.

पाय फाकलेले नसून पंजाची बोटं आत मुडपलेली असतील तर गोष्ट वेगळी. ते बऱ्याचदा बी-2 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतं, त्याचे थेंब डॉक्टरांना विचारून द्या. बेंबीही बघा. ती ओली, लाल, वास येणारी असेल आणि पोट फुगलेलं असेल तर घरी काही करू नका, सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथे न्या. अशी पिल्लं फार वाचत नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवते. घरचे म्हणतात तसं 'जगणार नाही' हे मात्र नुसत्या फाकलेल्या पायांवरून ठरत नाही.

भावंडांत आत्ताच सोडू नका, ती टोचतात. मध्ये जाळी लावून शेजारी ठेवा, म्हणजे एकटं पडून रडत नाही. चालायला लागलं की रात्री अंधारात हळूच आईखाली सरकवा आणि सकाळी उठून बघा, तिने टोचून बाहेर काढलं नाही ना.

पट्टी तीन-चार दिवसांनी काढा. ओढू नका, कोवळी कातडी निघते. कापसाने खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबलं की डिंक आपोआप सुटतो. नंतर हात साबणाने धुवा, पोट्टे हाताळत असतील तर त्यांचेही.