बेअरिंग ‘बदलण्यात आले’, पण कुणी बदललं?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर, वय ४७. कॉलेजात असताना रोजनिशी आणि ललित लेखन नेमाने करायचो. गेली २२ वर्षं कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात आहे. आता पुन्हा वही उघडली, तर प्रत्येक वाक्य ब्रेकडाऊन रिपोर्टसारखं उतरतं. मधल्या वर्षांचं किती लिहायचं राहिलंय, या विचारानेही हात थांबतो. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी मधल्या वर्षांचं. ती भरून काढायला बसू नका. लॉगबुकात राहिलेल्या नोंदी मागची तारीख टाकून भरत नाहीत, तोच नियम इथेही ठेवा. तारीख आजची, जुनं काही सुचलं तर ‘आज आठवलं’ म्हणून आजच्याच पानावर. आठवणी क्रमाने येत नाहीत, त्यामुळे क्रमवार लिहायला घेतलं की पहिल्या एक-दोन वर्षांतच गाडं अडतं.

भाषेचं दुखणं क्रियापदात आहे : ‘बदलण्यात आले’, ‘आढळून आले’. रिपोर्टला माणूस नको असतो. काम कुणीही केलं तरी नोंद तशीच राहायला हवी. रोजनिशीला नेमका तोच माणूस लागतो. हे पाहा :

‘पंप क्र. २ चे बेअरिंग तापल्याचे आढळून आल्याने बदलण्यात आले.’

‘बेअरिंग हातात घेतलं, तर ग्रीस पार काळं पडलेलं. हातमोज्यातूनही चटका बसला. फिटर नुसता माझ्याकडे बघत होता. ग्रीसिंगची तारीख मीच पुढे ढकलली होती.’

घटना एकच. पण दुसऱ्या उताऱ्यात करणारा आला, चटका आला आणि रिपोर्टात कधीच न येणारी गोष्टही आली. तपशील मात्र कमी झाला नाही, उलट वाढला. बारकाईने बघायची तुमची सवय हीच तुमची खरी पुंजी आहे. ललित लिहायचं म्हणून ती बाजूला ठेवली की पानभर नुसतं ‘मन भरून आलं’ उरतं.

२०० पानी एकरेघी वही घ्या. आठवड्यातून ४ दिवस, टायमर लावून १५ मिनिटं. विषय रोज एकच आणि छोटा : एखादी वस्तू, एखादा आवाज, जेवणाच्या सुट्टीतलं एखादं बोलणं. वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी उठा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात मिळते. ७ दिवस मागचं वाचू नका. आठव्या दिवशी लाल पेनाने प्रत्येक ‘-ण्यात आले’खाली रेघ ओढा आणि शेजारी लिहा, ‘कुणी?’ उत्तर ‘मी’ असेल, तर ते वाक्य पुन्हा लिहा. बुलेट पॉइंट पूर्ण बंद. त्यांत ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ गळून जातात, आणि विचार तर त्याच शब्दांत असतो.

कीबोर्डला सरावलेली बोटं पेन आवळून धरतात आणि अंगठा दुखायला लागतो. जेल पेन वापरा, दाब कमी लागतो.

प्रश्न : कॉम्प्युटरवर ‘कर्मचाऱ्यांना’ नीट उमटत नाही. शुद्धलेखनही विसरलोय.

उत्तर : इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीत ‘जे’च्या बटणावर र आहे, शिफ्ट धरून तेच दाबलं की ऱ. ऱ, मग ‘डी’वरचा हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), मग य, म्हणजे ‘ऱ्य’. साधा र घेतलात तर ‘र्य’ होतं. समुद्र तो दर्या, डोंगरातल्या त्या दऱ्या.

शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार सहसा दीर्घ : पाटी, गुरू. ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व. हे सगळं आठव्या दिवशी, त्याच लाल पेनाने, लिहिताना नाही.