कयाकवरून बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडायच्या चांगल्या जागा कशा शोधायच्या?

तुम्ही लिहिलंय की कयाक घेऊन तीन महिने झाले, मोठ्या जलाशयावर दिवसभर वल्हवता, हात भरून येतात आणि गळाला लागतात ती बोटभर पिल्लं. आता फिश फाइंडर, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली आणि मासे दाखवणारं यंत्र, घ्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे. घ्या, पण इतक्यात नको. तुम्ही फार पाणी फिरताय, खरी अडचण ती आहे. मीही पहिलं वर्ष असंच घालवलं.

कयाकचा वेग ताशी ४-५ किलोमीटर, तोही वारा पडलेला असताना. मोटरबोटवाला न्याहारीच्या आत दहा ठिकाणं पालथी घालतो, त्याच्याशी शर्यत लावून आपला नुसता घाम निघतो. आपल्या जमेच्या बाजू दोनच: वीतभर पाण्यावर तरंगता येतं आणि इंजिनाचा आवाज नाही. म्हणून अख्खा जलाशय विसरा. कयाक उतरवता त्या जागेजवळचा, जमिनीत शिरलेला पाण्याचा एक फाटा निवडा, फार तर अर्ध्या किलोमीटरचा, आणि लागोपाठ चार-पाच फेऱ्या तिथेच मारा.

फाटा निवडायचा घरी बसून. संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांचे उपग्रह फोटो बघता येतात. दुष्काळी वर्षाचा, पाणी आटलेला फोटो मिळाला तर लॉटरीच लागली समजा. आज पाण्याखाली असलेला रस्ता, ओढ्याचं जुनं पात्र, झाडांचे बुंधे, दगडी बांध, सगळं उघडं पडलेलं दिसतं. मग खोलीचा नकाशा काढा. समान खोलीच्या रेषा जिथे दाटीने येतात तिथे तळ एकदम उतरतो. जुनं पात्र वळण घेऊन काठाला खेटतं ती जागा मी सगळ्यात आधी बघतो, कारण तिथे उथळ आणि खोल पाणी अगदी शेजारी शेजारी असतं.

बासच्या दोन जातींपैकी लार्जमाउथ बास दबा धरून बसतो. त्याला आडोसा हवा आणि समोरून भक्ष्य जाणारी वाट हवी. म्हणून नजर कडांवर ठेवा: पाणवनस्पती संपतात ती कड, सावली संपते ती कड, गढूळ पाणी निवळाला मिळतं ती कड. दुसरी जात, स्मॉलमाउथ, असेल तर झाडोरा सोडून खडक, गारगोट्या आणि जरा वाहतं, थंड पाणी शोधा. बगळा एकाच जागी ताटकळत उभा असेल तर तिथे लहान मासे आहेत, एवढं नक्की समजा.

पाण्याखालच्या कडा हातानेच कळतात. माझ्या वल्ह्याच्या दांड्यावर दर फुटाला रंगीत टेप आहे. उभं बुडवलं की उथळात खोली समजते. त्यापुढे दोरीला फक्त शिसं लावायचं, गळ नाही, आणि तळावरून सावकाश ओढायचं. चिखलात शिसं जड होतं, ओल्या पोत्यासारखं. झाडोऱ्यात ताणतं आणि मग सुटतं. गारगोट्यांवर रॉडमधून तळहाताला टकटक लागते. माझ्या फाट्यात एक अगदी बोडका काठ आहे, ना झाड ना गवत. चौथ्या फेरीला तिथे अचानक टकटक लागली, दोन-तीन मीटरपुरती, आणि पुन्हा चिखल. बुडालेल्या रस्त्याची ढासळलेली मोरी होती ती. त्या काठासमोरून मी आधी निदान वीस वेळा गेलो असेन.

मोठा मासा मोठ्या पाण्यातच असतो हेही डोक्यातून काढा. जॉर्ज पेरीने १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोचा, विश्वविक्रमी लार्जमाउथ पकडला तो माँटगोमेरी लेकमध्ये. नाव लेक असलं तरी ते नदीचं तुटून राहिलेलं वळण. त्याची बरोबरी २००९ साली मनाबू कुरिता यांनी केली, ती मात्र जपानच्या सगळ्यात मोठ्या, बिवा सरोवरात. दलदलीपलीकडचं डबकं, लव्हाळ्यातली अरुंद वाट, जिथे मोटरबोट अडते ते सगळं आपलं. फक्त जोरात पाणी वाहत असताना रस्त्याखालच्या मोरीत कयाक घालू नका.

ऋतूप्रमाणे जागा सरकते. वसंतात पाणी साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस झालं की लार्जमाउथ उथळात, टणक तळावर घरटी करतात आणि नर राखण करत बसतो. पाण्यावरची चकाकी कापणाऱ्या पोलराइज्ड चष्म्यातून ती गोल, फिकट जागा स्पष्ट दिसते. मी त्या नराला हात लावत नाही. तो हलला की बाकीचे मासे अंडी फस्त करतात. उन्हाळ्यात उलट फसगत होते. गरम पाण्याचा थर वर आणि थंड खाली बसतो, त्या खालच्या थरात प्राणवायू कमी पडतो, त्यामुळे जितकं खोल तितकं चांगलं असं नसतं. शरद ऋतूत लहान मासे फाट्याच्या टोकाकडे सरकतात, बास त्यांच्यामागे.

वारा. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवा, म्हणजे थकल्यावर परतीला तोच ढकलतो. वारा आपटतो त्या काठाला खाणं गोळा होतं, पण तिथे कयाक नेमकी माशांच्या डोक्यावर वाहत जाते, म्हणून थांबायची सोय हवी. उथळात लांब काठी तळात रोवा. नांगर असेल तर पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा. मी एकदा मधोमध, कुशीला बांधला. कयाक लाटेला आडवी झाली आणि मी, रॉड, डबा सगळं पाण्यात. लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून फक्त रॉड गेला. आणि पायाखाली फोमचा तुकडा चिकटवा, कारण प्लॅस्टिकवर पक्कड पडल्याचा आवाज पाण्याखाली ढोलासारखा जातो.

एवढं झाल्यावर फिश फाइंडर घ्या, साधा, पण जीपीएसवर जागा नोंदवता येणारा. बरा मासा लागला की लगेच पुन्हा गळ टाकायचा मोह आवरा. आधी जागा नोंदवा: खोली किती, तळ कसला, सावली कुठे, वारा कुठून. मग नकाशावर तशीच दुसरी जागा शोधा. माझ्या मोरीची जुळी बहीण त्याच फाट्यात, दोनशे मीटरवर होती. सापडायला मला पुढचा उन्हाळा लागला.