वाचक विचारतात: टाके काढून जखम उघडी का ठेवली?

प्रश्न: आईचं (वय ६१, मधुमेह) आतड्याचं ऑपरेशन पोट उघडून झालं. सहाव्या दिवशी टाक्यांतून पू आला. डॉक्टरांनी दोन टाके काढले आणि जखम उघडीच ठेवली, भारी अँटिबायोटिकही दिलं नाही. ही हयगय नाही का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: नाही. साठलेल्या पुवात रक्त खेळत नाही, त्यामुळे कितीही भारी औषध तिथे नीट पोचत नाही. पू बाहेर काढणं हाच मुख्य उपचार. लगेच परत शिवलं तर पू पुन्हा कोंडतो, म्हणून जखम तळापासून भरू देतात. त्याला काही आठवडे लागतात. मधुमेहात जरा जास्तच.

अँटिबायोटिक कधी लागतं? लाली जखमेच्या कडेपासून ५ सेंटीमीटरपलीकडे पसरली, ताप ३८.५ अंश सेल्सिअसवर गेला किंवा नाडी ११०च्या वर धावू लागली, तर. तेव्हाही शक्यतो आधी कल्चरला (कोणते जंतू आहेत ते ओळखण्याच्या तपासणीला) नमुना द्यावा आणि तो जखम सलाईनने धुऊन तळातून घ्यावा. वरच्या पुवात कातडीवरचेच जंतू सापडतात. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

घरी ड्रेसिंग करायचं असेल तर आधी नर्सकडून शिकून घ्या. जुनं गॉज कोरडं ओढू नका, नवं लाल दाणेदार मांस उपटून येतं. सलाईनने भिजवून सोडवा. नवं गॉज सैल ठेवा, ठासून भरू नका. सलाईनची बाटली उघडली की २४ तासांनंतर टाकून द्या. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं. पिंपात साठवलेलं पाणी जखमेवर नको. हळद, राख, खोबरेलही नको. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटतं, पण रोज वापरलं तर नव्या पेशी मरतात.

साखर १८०च्या आत हवी, हे औषधाइतकंच महत्त्वाचं. ‘पू होतो’ म्हणून अंडी, वरण-भात बंद करणारी घरं अजून बरीच आहेत. उलट जखम भरायला प्रथिनंच लागतात. आतड्याचं ऑपरेशन असल्याने कडक भाकरी-शेंगाचटणी मात्र डॉक्टरांना विचारूनच.

दोन गोष्टींत सकाळची वाट पाहू नका. कातडी काळीनिळी पडली, फोड आले किंवा दिसतंय त्याहून वेदना फार जास्त असतील, तर लगेच हॉस्पिटल गाठा. आणि पट्टी अचानक गुलाबीसर पाण्याने चिंब झाली तर आतले टाके सुटल्याची शक्यता असते. आतडं बाहेर दिसलं तर आत ढकलू नका; सलाईनने भिजवलेलं स्वच्छ कापड त्यावर ठेवा, खायला-प्यायला काही न देता आईला झोपवूनच न्या.