वडिलांना सांगायचं का, आणि केमोचं काय करायचं

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडील ७८ वर्षांचे, स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतातही गाठी. काविळीसाठी स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकून झाला. डॉक्टर म्हणाले, "केमो देऊन बघू." अमेरिकेतला भाऊ म्हणतो सगळं करा, बहीण म्हणते हाल नकोत. आणि वडिलांना वाटतंय की साधी कावीळ आहे, पथ्य पाळलं की जाईल.

चार वर्षांपूर्वी माझ्या आईला हेच झालं, तेव्हा ती ७६ची होती. मी डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

आमच्याकडेही दोन आठवडे नुसती कुजबुज. मामाचं एकच, कळलं तर ती खचेल. फाइल कपाटात साड्यांखाली ठेवलेली. एका दुपारी मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "ऑन्कॉलॉजी म्हणजे काय ते मला कळतं हो. दवाखान्याच्या पाटीवरची अक्षरं जुळवता येतात मला. तुम्ही दाराआड बोलता ना, त्याने जास्त जीव घाबरतो." मग जुडी पुढे सरकवली, "ही घे, बोलता बोलता निवड." त्या संध्याकाळी तिने दोन कामं सांगितली: बँकेतलं नॉमिनीचं नाव बदलायचं आणि एकदा गावचं घर उघडून बघायचं. दोन्ही झाली. आणखी महिनाभर गप्प बसलो असतो तर गावचा प्रवास तिला झेपला नसता.

त्यामुळे माझं मत: सांगा, पण एकदम अंगावर टाकू नका. आधी त्यांनाच विचारा, "बाबा, तुम्हाला काय वाटतंय, काय झालंय?" मग, "रिपोर्टात काय आहे ते तुम्हाला सांगू का?" कुणी सगळं विचारतं, कुणी म्हणतं "तुम्हीच बघा." हेही उत्तरच आहे, फक्त ते त्यांच्या तोंडून यायला हवं.

आता केमो. यकृतात पसरल्यावर ती आजार मुळापासून घालवायला नसते, वेळ थोडा वाढवायला आणि त्रास कमी करायला असते. चार औषधांची जड केमो धडधाकट माणसालाच सोसते. या वयात बहुतेकदा एकटं जेमसिटाबिन देतात: आठवड्यातून एकदा, तीन आठवडे, मग एक आठवडा सुट्टी. मिळालाच तर फायदा साधारण आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत मोजायचा. वडील स्वतः आंघोळ करतात का, दिवसातला किती वेळ पडून असतात, हे डॉक्टरांना वयापेक्षा महत्त्वाचं वाटतं. निम्म्याहून जास्त दिवस अंथरुणात जात असेल तर केमोने बहुधा नुकसानच जास्त.

डॉक्टरांना नेमकं विचारा: दिली तर काय अपेक्षा, नाही दिली तर काय, आणि मिळालेल्या वेळातला किती दवाखान्यात जाईल? किती डोसनंतर स्कॅन करून थांबायचं ते ठरवायचं? शेवटचा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. पहिली सायकल, म्हणजे तीन आठवडे औषध आणि एक आठवडा सुट्टी अशी एक फेरी, बरी गेली. दुसरीत तोंड आलं, तिसरीत पांढऱ्या पेशी घसरून ताप, पाच दिवस ॲडमिट. आई थकली होती हे सगळ्यांना दिसत होतं, पण "थांबू या" हे पहिल्यांदा म्हणायचं कुणी? शेवटी तीच म्हणाली.

भावाशी फोनवर वाद घालू नका. लांब असलेल्या माणसाला जवळ नसल्याचं खातं, तेच "सगळं करा" होऊन बाहेर पडतं. डॉक्टरांच्या वेळी त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या. आमच्या भावाचा सूर वीस मिनिटांत बदलला.

केमो द्या वा न द्या, पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या, डॉक्टरांना याच आठवड्यात भेटा. "ते शेवटी" ही समजूत आमचीही होती. फुप्फुसाच्या कॅन्सरवर अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून ही सेवा मिळालेले रुग्ण जास्त जगले: ११.६ महिने, इतर ८.९. आजार वेगळा, पण मुद्दा लागू पडावा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, तिथे पैसे घेत नाहीत. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये स्वतंत्र विभाग आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन.

आईची पाठ रात्री इतकी दुखायची की ती उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसायची. मॉर्फिन म्हटल्यावर मामा म्हणाला, "अफूची सवय लागेल!" दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या डोसाने व्यसन सहसा लागत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. मॉर्फिनच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, संपायच्या आठवडाभर आधी सोय करा. आणि जेवल्यावर तेलकट, तरंगणारी शौच होत असेल तर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल विचारा. त्या पहिल्या घासासोबत घ्यायच्या, जेवणानंतर नाही. आईला त्यावर पिठलं-भात पुन्हा पचायला लागला.

वडील मोकळेपणी बोलले तर व्हेंटिलेटरबद्दलची त्यांची इच्छाही लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा आधी लिहून ठेवलेल्या इच्छेला मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

आज एक काम करा. स्टेंट प्लास्टिकचा की धातूचा, ते डिस्चार्ज कार्डावर बघून ठेवा. प्लास्टिकचा साधारण तीन महिन्यांत तुंबतो. थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसले, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.