केटी लपवू नका, मेंटॉरला फोन करा

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या संपल्या की शिष्यवृत्तीबद्दलच्या प्रश्नांची रीघ लागते. सांगलीत अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं कॉलेजचा शिष्यवृत्ती कक्ष माझ्याकडे होता. पोर्टलं बदलली, योजनांची नावं बदलली, पण सातारा आणि सांगलीच्या गावागावांतून येणारे प्रश्न तेच राहिले. त्यातले काही इथं घेते. अटी वर्षागणिक थोड्याफार बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी आपल्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षात विचाराच.

प्रश्न : महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) माझा अर्ज मंजूर दिसतो, पण खात्यात पैसे नाहीत. बँकवाले म्हणतात आधार लिंक आहे. (तृतीय वर्ष मेकॅनिकल, मिरज)

उत्तर : खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैशांसाठी तुझ्या आधारपुढे बँकेची नोंद होणं, वेगळं. सरकारी पैसे एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या) नोंदीत तुझ्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव आहे, तिथंच जातात. अर्जात कुठला खाते क्रमांक लिहिलास याला तिथं महत्त्व नाही. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघ. अकरावीत कुणाच्या तरी सांगण्यावरून उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं तिथं निघतं, हे मी कितीदा पाहिलंय. मग ज्या बँकेत पैसे हवेत तिथं जाऊन ‘डीबीटीसाठी सीडिंग’ असाच शब्द वापरून फॉर्म भर. डीबीटी म्हणजे थेट खात्यात येणारे सरकारी पैसे.

प्रश्न : मी आणि माझी धाकटी बहीण, दोघींना तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती मिळेल का?

उत्तर : हो. एका कुटुंबातल्या दोन मुलींना ती मिळू शकते, प्रत्येकीला वर्षाला ५०,००० रुपये. मात्र कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि अर्ज पहिल्या वर्षाला किंवा डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतानाच करायचा. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालू असेल तर दोन्ही एकत्र चालतात का, हे कक्षात विचारूनच भरा.

प्रश्न : मुलींना फी पूर्ण माफ आहे म्हणतात. मग कॉलेज आमच्याकडे पैसे का मागतं? (पालक, कोरेगाव)

उत्तर : जुलै २०२४ च्या शासन निर्णयात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. ‘सगळं फुकट’ ही नुसती गावातली चर्चा. वसतिगृह, मेस, इतर शुल्क त्यात येत नाही. शिवाय उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नाही. तुम्ही एक करा. मागितलेली रक्कम कोणत्या शीर्षाखाली आहे ते लेखी घ्या. त्यात शिक्षण शुल्क दिसलं तर आधी प्राचार्यांना भेटा, तिथं तोड निघाली नाही तर पुण्याच्या तंत्रशिक्षण सहसंचालक कार्यालयात अर्ज द्या. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे त्यांच्याकडेच येतात. तोंडी भांडण्यात महिना घालवू नका.

प्रश्न : आम्ही मूळचे विट्याजवळचे. वडील गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) कामानिमित्त तमिळनाडूत असतात, माझी दहावी-बारावी तिकडेच झाली. मला महाराष्ट्रातली शिष्यवृत्ती मिळेल?

उत्तर : खानापूर-आटपाडी पट्ट्यातून हा प्रश्न दरवर्षी येतो. प्रवेशाच्या नियमांत आईच्या किंवा वडिलांच्या अधिवासावरून पात्र ठरण्याची वाट आहे. शिष्यवृत्तीसाठी मात्र तुझ्या स्वतःच्या नावाचा अधिवास दाखला मागतात. उत्पन्नाच्या दाखल्यात परराज्यातली कमाईही धरावी लागते, ती लपवून शेतीचं तेवढं दाखवू नका. पुढे अर्ज रद्द होतो आणि घेतलेले पैसे परत भरावे लागतात. गावच्या घराचे, शेताचे, वडिलांच्या शाळेचे कागद घेऊन तहसील कार्यालयात जा. तुझं प्रकरण कागद बघूनच सांगता येईल.

प्रश्न : बारावीला ७५ टक्के असतील तर केंद्र सरकार लॅपटॉप देतं असा मेसेज आलाय. लिंक भरू का?

उत्तर : नाही.

प्रश्न : एका ‘अकॅडमी’चा फोन आला. ४,९९९ रुपये भरले तर शिष्यवृत्ती, मेंटॉर (मार्गदर्शक) आणि इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, तिन्हीची हमी. दोन मित्रांनी भरलेत. (द्वितीय वर्ष संगणक, कराड)

उत्तर : भरू नकोस. हमीची शिष्यवृत्ती नसते, आणि देणारा कधी आधी घेत नाही. त्या प्रमाणपत्राची मुलाखतीत काडीची किंमत नसते. दोन प्रश्नांत कळतं की मुलानं काम केलंय की पैसे भरलेत. वडिलांच्या ऊसबिलातून असे पैसे गेलेली मुलं माझ्यासमोर बसून रडलीत, म्हणून इतकं स्पष्ट बोलते.

खरे मार्गदर्शनाचे कार्यक्रम पैसे घेत नाहीत, उलट देतात. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. वय १८ पूर्ण हवं, ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पातला मेंटॉर तुझ्यासोबत काम करतो आणि मानधन मिळतं. लिनक्स फाउंडेशनचा मेंटॉरशिप कार्यक्रम आहे. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात ज्यांना डावललं जातं अशांसाठी आउटरीची आहे, तिथंही घरी बसून काम आणि मानधन. तिन्हीकडे निवड कठीण आहे. अर्जाच्या दोन-तीन महिने आधीपासून त्या प्रकल्पाचा कोड वाचावा लागतो, छोट्या चुका दुरुस्त करून पाठवाव्या लागतात. तुझ्या विभागात आधी कुणाची निवड झाली असेल तर त्याच्याशी बोल, नसेल तर प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या सरांना भेट.

प्रश्न : पैशांबरोबर मेंटॉरही देणाऱ्या संस्था कोणत्या?

उत्तर : फाउंडेशन फॉर एक्सलन्स, १९९४ पासून. मुलींसाठी कॅटलिस्ट, पण ते ठरावीक शहरांत चालतं, पुण्याला शिकणाऱ्यांनी चौकशी करावी. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती पूर्ण अभ्यासक्रमासाठी २ लाखांपर्यंत आहे, त्यासाठी अभियोग्यता चाचणी असते. बहुतेक ठिकाणी अर्ज पहिल्या वर्षातच करायचा असतो, आणि आपली मुलं दुसऱ्या वर्षाला जागी होतात.

प्रश्न : मला एका संस्थेची शिष्यवृत्ती मिळते. त्यांनी बेंगळुरूचे एक इंजिनिअर मेंटॉर म्हणून दिलेत. महिन्यातून एक कॉल असतो, पण मी तीन महिने टाळतोय. इंग्रजी येत नाही, काय विचारायचं कळत नाही, आणि गणितात केटी लागलीय, म्हणजे विषय राहिलाय, ती सांगायची लाज वाटते. कॉल बंधनकारक आहे का? (द्वितीय वर्ष, दहिवडी)

उत्तर : काही संस्था नूतनीकरणाच्या वेळी कॉलची हजेरी बघतात. तुझ्या करारपत्रात काय आहे ते समन्वयकाला आजच विचार. पण बाळा, तू मला बंधनाचं विचारतोयस. मला काळजी आहे ती तुझ्या तीन महिन्यांची.

तुझ्या घरात याआधी कुणी इंजिनिअर झालं होतं का? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरात नसतं. केटी लागली तर पुढचं सत्र कसं आखायचं, इलेक्टिव्ह कुठला घ्यायचा, डेटाबेस आधी शिकायचा की वेब, हे शहरातल्या मुलाला जेवणाच्या ताटावर कळतं. तुला ते सांगणारं माणूस या संस्थेनं शोधून दिलंय. आपल्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह सुरू केलं, तेव्हा मुलांना नुसता आसरा दिला नव्हता. रयतमाउली लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, त्यांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं. मुलं टिकली ती पाठीशी कुणीतरी होतं म्हणून. पैसे पोचले पण माणूस पोचला नाही, तर मूल दुसऱ्या वर्षात गळतं. अकरा वर्षं कक्षात बसून मी हे बघितलंय, आणि त्यानं माझी झोप उडते.

माझी एक विद्यार्थिनी होती, जत तालुक्यातली. एका विषयात राहिली आणि तिनं ते मेंटॉरपासून सहा महिने लपवलं. नूतनीकरणाच्या अर्जात गुणपत्रक जोडावं लागलं तेव्हा सगळं उघड झालं. संस्थेच्या नियमात एका सत्राची सवलत होती, पण ती आधी कळवणाऱ्याला. तिचे हप्ते थांबले, मेसचे पैसे थकले, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर ती घरी निघून गेली. परत आणायला आम्हाला दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

म्हणून आज रात्री त्या सरांना मेसेज कर. मराठीत सुचतं ते आधी वहीत लिही. ‘सर, तीन महिने कॉल केला नाही, माफ करा. गणितात केटी आहे. शनिवारी बोलता येईल का? मला हिंदीत बोलणं सोपं जातं.’ एवढं पुरे. हिंदी चालेल का हे विचारण्यात कमीपणा नाही. कॉलच्या आदल्या दिवशी तीन ओळी पाठवायच्या. या महिन्यात काय केलं, कुठं अडलं, आणि एक प्रश्न. ‘मी काय करू?’ याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. ‘प्रकल्पात लॉगिन चालतं पण डेटा सेव्ह होत नाही, चूक कुठं शोधू?’ याला देऊ शकतं. पहिल्याच कॉलला नोकरीसाठी शिफारस मागू नकोस. ते काम बोलणं रुळल्यावर आपोआप होतं. दोन मेसेजना उत्तर आलं नाही तर समन्वयकाला सांग, मेंटॉर बदलून मिळतो.

कॉलेजमधल्या जीएफएम (पालक-शिक्षक) सरांनाही केटीबद्दल सांग. हजेरी कमी झाली की घरी फोन करणारे एवढीच त्यांची ओळख तुम्ही ठेवता, पण परीक्षेचा फॉर्म आणि जादा तासांची सोय त्यांच्याच हातात असते. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर तेही बोल आणि कॉलेजच्या समुपदेशकांना भेट. ते काम मेंटॉरचं नाही.

प्रश्न : संस्थेच्या अर्जाची मुदत उद्या संपते. उत्पन्नाचा दाखला आठवड्यानं मिळेल. मागच्या वर्षीचा जोडला तर चालेल? (थेट द्वितीय वर्ष, तासगाव)

उत्तर : तारीख खोडून तर अजिबात नको. मुदत संपलेला दाखला छाननीत बाद होतो. सेतू केंद्रात दाखल्यासाठी अर्ज दिल्याची पावती आहे ना? ती जोड, आणि दाखला कधी मिळणार ते कळवणारा ईमेल संस्थेला आजच पाठव. काही संस्था थांबतात. उद्या सकाळी त्यांच्या कार्यालयात फोन कर, ईमेलवर विसंबू नकोस. आणि ३१ मार्चला दाखल्याची मुदत संपते हे घरी कॅलेंडरवर लिहून ठेव. एप्रिलमध्ये तहसीलला गर्दी नसते, तेव्हाच वडिलांना घेऊन जा.