भरणं वेगळं, जोर वेगळा

पोरी,

तुझ्या फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकल जर्नलमधलं ते वाक्य तू तीनदा खोडून पुन्हा तसंच लिहिलंयस: 'उभं राहिल्यावर स्ट्रोक व्हॉल्यूम घटतो, म्हणून रिफ्लेक्समुळे हृदयाचं आकुंचन कमजोर होतं.' स्ट्रोक व्हॉल्यूम म्हणजे हृदय एका ठोक्यात टाकतं तेवढं रक्त, आणि रिफ्लेक्स म्हणजे रक्तदाब सावरायची शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया. खोडताना तुझं मन बरोबर सांगत होतं. ऐकायचं ना त्याचं!

घडतं नेमकं उलटं: रिफ्लेक्सने आकुंचनाचा जोर वाढतो. उभं राहिलं की 500 ते 800 मिली रक्त पाय आणि पोटाच्या शिरांत उतरतं. व्हेंट्रिकल, म्हणजे हृदयाचा रक्त बाहेर टाकणारा कप्पा, कमी भरतं, म्हणून कमी टाकतं. इथवर रिफ्लेक्सचा काही संबंध नाही. मग रक्तदाब उतरतो, कॅरॉटिड सायनस (मानेतल्या धमनीतली दाब ओळखणारी जागा) आणि महाधमनीच्या कमानीची भिंत कमी ताणली जाते, नवव्या-दहाव्या क्रेनियल नर्व्हमधून मेडुलाकडे, म्हणजे मेंदूच्या तळच्या भागाकडे, जाणारे आवेग विरळ होतात. मेडुला व्हेगस (हृदयाची गती मंदावणारी नर्व्ह) आवरतो, सिम्पथेटिक (हृदयाला चेतवणाऱ्या नर्व्ह) वाढवतो. व्हेगस आवरल्याचा परिणाम एक-दोन ठोक्यांत दिसतो, पण मुख्यतः गतीवर. व्हेंट्रिकलमध्ये त्याचे तंतू तुरळकच. जोर वाढवतं सिम्पथेटिक नर्व्हमधून सुटणारं नॉरएड्रेनलिन: ते हृदयाच्या पेशीवरच्या बीटा-1 रिसेप्टरला चिकटतं, आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, मग पेशीत जास्त कॅल्शियम. त्याला काही सेकंद लागतात. इतकं होऊनही स्ट्रोक व्हॉल्यूम आडवं असतानाइतका होत नाही, कारण भरलंच कमी. भरणं वेगळं, जोर वेगळा.

आणि नाडी 72 ची 88 झाली म्हणून 'जोर वाढला' असंही लिहू नकोस. ती गती झाली.

मोजताना 5 मिनिटं आडवं झोपव, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला बीपी घे. हात हृदयाच्या पातळीवर टेकव. कफ 10 सेंटिमीटर खाली गेला तर रीडिंग 7-8 मिमी पाऱ्याने वाढतं आणि खरी घट लपते. सिस्टॉलिक (वरचा आकडा) 20 किंवा डायस्टॉलिक (खालचा) 10 ने उतरलं तर ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन, म्हणजे उभं राहिल्यावर बीपी घसरणं, असं लिही.

ऑक्टोबरच्या उकाड्यात विरार लोकलमध्ये पाय हलवायला जागा नसते. पोटऱ्यांचा पंप, म्हणजे चालताना स्नायू रक्त वर ढकलतात तो, थांबलेला, त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुललेल्या. कुणाला घेरी आली की बायका तिला दोन्ही बाजूंनी उभी धरून ठेवतात, माया म्हणून. तिला आडवं करा, पाय वर घ्या. तिचं हृदय दुबळं नाही, ते भरत नाहीये.

व्हायवात, तोंडी परीक्षेत, मी हेच पुन्हा पुन्हा विचारते म्हणून तुम्ही वैतागता. वैतागा. मी विचारणारच. वॉर्डात दोन पेशंट सारख्याच कमी बीपीने येतील. एक जुलाबांनी सुकलेला, त्याला सलाइन लागतं. दुसऱ्याच्या हृदयाचा जोरच गेलेला, त्याला तेच सलाइन भराभर चढवलंस तर फुप्फुसात पाणी होईल. भरणं वेगळं, जोर वेगळा!

ते पान फाडू नकोस. त्याच्या समोरच्या पानावर दोन रकाने आखून आण: भरणं आणि जोर.