चाक, टोकन आणि पार्टनरची भीड

मोबाइल गेममध्ये पार्टनर ईव्हेंट (दोघांनी टोकन खर्चून, चाक फिरवून, मुदतीत एकत्र बक्षीस गाठायचा खेळ) लागला की तेच ते प्रश्न येतात. या खेपेचे पाच.

पहाटे चाक फिरवलं की जॅकपॉट लागतो, हे खरं का?

नाही.

पेटीतून आयटम मिळण्याची शक्यता १ टक्का लिहिली आहे. शंभर वेळा उघडल्यावर तो मिळायलाच हवा ना?

नाही. शंभर वेळा उघडूनही न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. मागचे नव्याण्णव डाव फुकट गेले हे शंभराव्या डावाला ठाऊक नसतं. काही गेम ठरावीक डावांनंतर हमी देतात, ती गोष्ट वेगळी. तो आकडा ‘तपशील’ या बटणामागे असतो. ईव्हेंट संपल्यावर मोजणी शून्यावर येते का, तेही तिथेच पाहा. यूट्यूबवरच्या दादाचं ऐकून टोकन उधळू नका.

दहापट मल्टिप्लायर लावला, म्हणजे एका डावात दहापट टोकन घातले, तर फायदा होतो का?

बक्षीसही दहापट होत असेल, तर सरासरी तेवढीच राहते. फक्त दोनशे डावांचे वीस होतात, म्हणजे नशिबाचे हेलकावे वाढतात.

पार्टनरने तिचा वाटा पूर्ण केला, माझे टोकन संपले. तिला वाईट वाटू नये म्हणून तिसऱ्यांदा पैसे भरले. घरी सांगितलेलं नाही. हे व्यसन आहे का?

पत्रावरून निदान करता येत नाही, पण ‘घरी सांगितलेलं नाही’ या शब्दांपाशी मी थांबले. स्क्रीन आठवून पाहा. दोन चेहरे, तिची पट्टी भरलेली, तुमची अर्धी, वर उलटं धावणारं घड्याळ, आणि नेमक्या त्याच क्षणी उघडलेली ‘फक्त तुमच्यासाठी’ ऑफर. हा योगायोग नव्हे. कधी मिळेल ते सांगता येत नाही असं बक्षीस सवय फार चिवट करतं. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत हे केव्हाच दाखवून दिलं. पार्टनर आला की त्यात भीड मिसळते. एकट्याने हरलात तर गेम बंद करून झोपता. इथे दुसऱ्याचंही बक्षीस बुडतं, म्हणून हात खिशाकडे जातो. तुम्ही टोकन विकत घेत नाही, ओशाळेपणातून सुटका विकत घेता! जपानने २०१२ मध्ये ‘कम्प्लीट गाचा’ (नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमला तरच मोठं बक्षीस) बंद करायला लावला, बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या लूट बॉक्सना, म्हणजे नशिबाने वस्तू देणाऱ्या पेट्यांना, जुगार ठरवलं. भिडेला मात्र कोणताच कायदा हात लावत नाही. तेव्हा पार्टनरला आजच लिहा, ‘मी पैसे घालणार नाही, चालत नसेल तर दुसरा बघ.’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘अगं, मीही तेच म्हणणार होते.’ फोनमधलं कार्ड काढून टाका. घरी सांगा. आणि समुपदेशकाला भेटा, ‘हा ईव्हेंट संपू दे’ म्हणू नका. पुढचा ईव्हेंट लागलेलाच असतो.

मुलाने माझ्या कार्डावरून टोकन घेतले. तीन आठवडे झाले. पैसे परत मिळतील?

तीन आठवडे कशाची वाट पाहत होतात? अ‍ॅप स्टोअरच्या खरेदी इतिहासातून परताव्याची विनंती करता येते, पण मुदती असतात आणि निर्णय त्यांचा. आजच अर्ज करा, बँकेशीही बोला. खरेदीला पासवर्ड लावा. ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला ओटीपी देऊ नका. मुलाला रागावण्याआधी एवढं विचारा, की समोर पार्टनर कोण होता.